सुई रस्त्यात पडलेली नसते

परवा तुडीलचा एक शेतकरी माझ्या दुकानात पंक्चर काढायला आला. महाडच्या बाजारपेठेत माझं सायकलदुरुस्तीचं दुकान आहे. चाक काढता काढता माझं लक्ष त्याच्या पायाकडे गेलं. टाचेत खिळा घुसला होता आणि त्यावर शेणाचा जाड लेप दिला होता. मी चाक खाली ठेवलं, दुकानाच्या फळ्या लावल्या आणि त्याला दंडाला धरून दवाखान्यात नेलं. तो वाटभर कुरकुरत होता, "अवो, पंक्चर चाकाला हाय, मला नाय." सुई टोचून झाल्यावर बाहेरच्या बाकावर बसून त्याने विचारलं, एवढं आकांडतांडव कशासाठी?

त्याला जे सांगितलं तेच जरा सविस्तर इथे लिहितो. काही वर्षांपूर्वी धनुर्वाताने माझ्या घरात जे केलं ते दुसऱ्याच्या घरात होऊ नये. आणि झालंच, तर उशाशी बसणाऱ्यांना थोडंफार ठाऊक असावं.

शर्यत

महाडातल्या तालमीच्या मंडळींनी तेव्हा सायकलींची एक शर्यत सुरू केली होती. महाडहून निघायचं, वरंध्याचा घाट चढून भोरला जायचं, शिरवळवरून वाई, मग पाचगणी, महाबळेश्वर, आणि आंबेनळीचा घाट उतरून पोलादपूरमार्गे परत महाड. तेही दोन दिवसांत. सगळ्यांच्या सायकली त्याच, काळ्या आणि जड. चढाला त्यांच्यावर बसण्यापेक्षा त्यांना ढकलणंच जास्त व्हायचं. बक्षीस म्हणजे एक फेटा आणि नारळ. पण तालुक्यात नाव होत होतं, आणि सायकलवाल्याने शर्यतीत मागे राहायचं म्हणजे दुकानाची अब्रू गेली.

नियम एकच आणि कडक. ज्याने त्याने आपलं आपण निभवायचं. भाकऱ्या, पाणी, ट्यूब, पंप, सोल्युशन सगळं आपल्याच कॅरिअरवर. झोपायचं तर देवळात. कुणाच्या हातून काही घ्यायचं नाही. दुसऱ्याचा हात सायकलला किंवा अंगाला लागला की गडी बाद.

पहिल्या वर्षी एकाने वाटेत पडलेली बोरं खाल्ली म्हणून भांडण जुंपलं. तेव्हा पंचांनी निवाडा दिला, की ओढ्याचं पाणी आणि वाटेत पडलेली वस्तू सगळ्यांची, ती उचललेली चालेल. झालं! आमची माणसं नियमातून वाट काढण्यात पटाईत. दुसऱ्या वर्षी, म्हणजे मी उतरलो त्या वर्षी, वाटभर वस्तू 'पडलेल्या' होत्या. वरंधच्या पुढे मैलाच्या दगडावर उकडलेली रताळी पडली होती. एका वळणावर ताकाचा तांब्या पडला होता, तोंडाला स्वच्छ फडकं बांधून. पंच मिशीत हसले आणि गप्प राहिले.

वरंध्याच्या घाटात वाघजाईचं ठाणं आहे. तिला नारळ दिल्याशिवाय आमच्याकडचा माणूस तो घाट ओलांडत नाही. नारळ माझ्या पिशवीत होता. पण पुढच्या वळणावर पहिला गडी दिसला आणि मला थांबवेना. सायकलवरूनच हात जोडले नि पुढे सटकलो. तो नारळ मी वाईला फोडून खाल्ला. मागून येणाऱ्या दोघांनी हे पाहिलं होतं. त्यांनी ते पुढे ज्याला त्याला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आंबेनळी उतरताना माझ्या ब्रेकची रबरं तापून झिजली. दुसऱ्यांना मी ह्याच गोष्टीवरून शिव्या देतो. घाट संपत आला होता, आमची वाडी समोर दिसत होती, आणि वळणावरच्या खडीवर चाक सरकलं. उठलो तर उजवी नडगी हाडापर्यंत फाटलेली होती.

सगळी वाडी मला बघायला रस्त्यावर जमलेली होतीच. माणसं धावली. मी तिथूनच ओरडलो, "हात लावू नका! बाद होईन!" आणि नवल असं, की सगळे जागच्या जागी थांबले. म्हाताऱ्यांनीसुद्धा हात पाठीमागे घेतले. माझी सख्खी आई समोर उभी होती आणि तिला मला उठवता येत नव्हतं.

त्या गर्दीत पोलादपूरच्या दवाखान्यातला कंपाउंडर होता. त्याने सायकलच्या हँडलला लावलेली पिशवी उघडली आणि म्हणाला, "दत्ताराम, धनुर्वाताची सुई घे. खडी आहे, गुरांचा रस्ता आहे." मी पंचांकडे पाहिलं. पंच बिचारा डोकं खाजवू लागला. सुई म्हणजे दुसऱ्याचा हात आलाच. तो म्हणाला, "रस्त्यात पडलेली असती तर चालली असती." त्यावर आमचे आबा, म्हणजे माझे वडील, मोठ्याने म्हणाले, "सुई काय रस्त्यात पडलेली नसते रे बाबा!" आणि सगळे हसले. मीही हसलो. रक्त वाहत होतं आणि मी खो खो हसत होतो.

तेवढ्यात आई घरात जाऊन आली. पळसाच्या पानावर तिने शेण, चुलीतली राख आणि हळद कालवून आणली होती. आमच्याकडे कुऱ्हाड लागो की विळा, हेच लावतात. तिने ते पान रस्त्याच्या कठड्यावर ठेवलं, तोंड फिरवून उभी राहिली आणि म्हणाली, "पडला हाय तिथं. घेतलास तर घे."

मी ते माझ्या हाताने जखमेत भरलं, धोतराची पट्टी फाडून बांधली आणि सायकलवर बसलो. वाडीने टाळ्या वाजवल्या. महाडला मी तिसरा पोचलो.

दाढ

आठवडा गेला असेल. सकाळी दुकान उघडलं आणि जांभई द्यायला गेलो, तर तोंड अर्ध्यावर अडलं. मला वाटलं, अक्कलदाढ आली. बायकोने, वत्सलाने, लवंग दिली. ती पाचाडची, लग्नाला तेव्हा जेमतेम वर्ष झालेलं. दुपारी भाकरीचा तुकडा दातांमधून आत जाईना. मी तोंडाळ म्हणून बाजारात प्रसिद्ध. शेजारचा किराणावाला म्हणाला, "बरं झालं, दत्ताचं तोंड एकदाचं बंद झालं." मला त्याला चार शब्द सुनवायचे होते, ते दातांतच राहिले.

मग मान आखडली. आणि संध्याकाळी एक गिऱ्हाईक म्हणालं, "आज काय हसताय सारखे?" मी हसत नव्हतो. आरशात पाहिलं तर ओठ दोन्ही बाजूंना ओढले गेले होते, भुवया वर चढल्या होत्या. तो चेहरा माझा नव्हता. मी घाबरलो. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्याच अंगाची भीती वाटली.

वत्सला मला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी घसा बघायला जिभेवर लाकडी पट्टी ठेवली. ती दातांना लागताच जबडा असा मिटला की पट्टी त्यांना ओढून काढावी लागली. त्यांनी पुढे काही तपासलं नाही. धोतर वर करून नडगी पाहिली आणि वत्सलाला म्हणाले, "ह्यांना आता घरी न्यायचं नाही. कपडेही आणायला जाऊ नका." त्यांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा मला वळणावरचा कंपाउंडर आठवला. दुसऱ्या दिवशी तोच एसटीने पोलादपूरहून विषावरच्या औषधाच्या कुप्या घेऊन आला. महाडात होत्या तेवढ्या पुरणार नव्हत्या. त्याने मला एक अक्षर सुनावलं नाही. सुनावलं असतं तर बरं वाटलं असतं.

अंधारी खोली

ज्यांनी हा आजार पाहिला नाही त्यांना सांगतो. दुखणं भयंकर असतं, पण त्याहून भयंकर असतो आवाज. भांडं पडलं, दार आपटलं, कुणी खोकलं, अंगाला अचानक हात लागला, की सगळं शरीर एकदम आवळतं. पाठ कमानीसारखी उचलली जाते, खाटेला टेकतं ते फक्त डोकं आणि टाचा. श्वास थांबतो. तो पुन्हा सुरू होईल की नाही हे तुम्हाला कळत नाही, आणि मेंदू मात्र लख्ख जागा असतो. मला दर वेळी वाटायचं, हाच शेवटचा.

म्हणून मला मागच्या बाजूच्या खोलीत ठेवलं. खिडकीला काळं कापड, माझ्या डोळ्यांवर ओली पट्टी. नाकातून नळी घालून दूध आणि पेजेचं पाणी द्यायचे. गुंगीच्या औषधाला असा उग्र वास, की अजून तो आठवला तरी मळमळतं. गुंगी यायची, पण झोप लागायची नाही. एका झटक्यातून सुटलो की पुढच्याची वाट पाहायची. बाहेर कावळा पत्र्यावर उतरला तरी मी मनात म्हणायचो, बाबा, हळू पाऊल टाक.

वत्सला थोड्याच दिवसांत सगळं शिकली. तिने दाराच्या बिजागऱ्यांना माझ्याच दुकानातलं तेल घातलं. हातातल्या काचेच्या बांगड्यांना फडकं गुंडाळलं. बांगड्या काढायला ती तयार नव्हती आणि वाजू द्यायच्याही नव्हत्या. मला हात लावण्याआधी ती माझ्या कानाजवळ हळूच श्वास सोडायची, म्हणजे मला कळायचं की ही आहे आणि आता कापसाचा बोळा ओठांना लागणार. तसं केलं की झटका येत नसे. ही युक्ती तिला कुणी सांगितली नव्हती. रोग्याजवळ बसणाऱ्याने ती जरूर करावी.

आणखी एक उपकार सांगायचा राहील. एसटीच्या गाड्या दवाखान्याच्या कोपऱ्यावर हटकून भोंगा वाजवायच्या. वत्सला स्टँडवर जाऊन उभी राहिली आणि जो ड्रायव्हर येईल त्याला हात जोडून सांगत गेली. त्यानंतर भोंगा वाजला नाही. गाडी नुसती घरंगळत गेल्यासारखी जायची. ते ड्रायव्हर कोण कुठले, मला आजही माहीत नाही.

आमची माणसं

आई आणि आबा वाडीहून आले. आमची माणसं ह्या डोंगरावरून त्या डोंगराशी बोलणारी, कुजबुजणं आमच्या घराण्यात कुणाला ठाऊक नाही. आबांनी दारातूनच "दत्ता रे!" अशी हाक मारली आणि मी खाटेवर कमान झालो. सिस्टरने त्यांना बाहेर काढलं. त्यानंतर आबा दाराशी आले की स्वतःच्या तोंडावर उपरणं धरून उभे राहत.

डॉक्टरांनी त्यांना व्हरांड्यात बसवून समजावलं. मला ते सगळं ऐकू येत होतं. डॉक्टर म्हणाले, ह्या रोगाचं विष मातीत असतं, गुरांच्या शेणात तर हमखास. जखमेवाटे ते अंगात जातं. मग त्यांनी विचारलं, "शेणबिण लावलं होतं का कुणी?"

 जखमेची पट्टी घरी वत्सलाने सोडली होती, तिला आत काय भरलं होतं ते माहीत होतं. कुणी बोलायच्या आत तीच म्हणाली, "घाटात खडीवर पडले. तिथलीच माती गेली असंल."

आईच्या पाटल्या किंचित वाजल्या, एवढंच.

मग माझा थोरला भाऊ, गणपतदादा, मुंबईहून आला. गिरणीत होता. त्याने तालमीतल्या कुणाकडून तरी वाघजाईच्या नारळाची हकिकत ऐकली आणि आबांना सांगितली. आबांना एकदम सगळं उमगल्यासारखं झालं. देवीचा नारळ गिळला, देवीने तोंड बंद केलं. ह्याहून सरळ गोष्ट कुठली? वाडीतल्या भगताला विचारलं, तो म्हणाला, आणा त्याला घरी, देवीपुढं ठेवतो, ढोल लावतो, तीन दिवसांत मोकळा करतो.

ढोल! मी आत पडून ते ऐकलं आणि मला घाम फुटला.

डॉक्टर म्हणाले, "न्यायला मी अडवू शकत नाही. पण हा डोलीत घातलात तर पोलादपूर दिसायच्या आत जाईल." आबा म्हणाले, "हितं तरी कुठं जगतोय? मेला तर घरात मरू दे." त्यात दुष्टावा नव्हता. माणसाने आपल्या उंबऱ्याच्या आत डोळे मिटावेत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पण मला मरायचंच नव्हतं, ना घरात, ना दवाखान्यात. हे ओरडून सांगावंसं वाटत होतं आणि माझे दात एकमेकांवर घट्ट बसले होते. मी हात हलवू पाहिला, तर झटका आला. मग मी प्रयत्न सोडला.

उंबरा

ती दुपारची वेळ होती. डॉक्टर वरंधकडे कुणाला तरी पाहायला गेले होते. बाहेर पुष्कळ पावलांची चाहूल लागली. वाडीतले गडी डोली घेऊन आले होते. सिस्टर हळू आवाजात म्हणाली, "साहेब येईपर्यंत थांबा हो." दादा म्हणाला, "ऊन उतरायच्या आत घाट गाठला पायजे." तोही कुजबुजतच म्हणाला. पुढचं सगळं भांडण कुजबुजत झालं. मोठा आवाज निघाला तर मी मरेन, एवढं एव्हाना सगळ्यांना पटलं होतं. मला डोलीत घालून न्यायला निघालेलेही पाय न वाजवता चालत होते.

खोलीचं दार उघडलं आणि तसंच राहिलं. आत कुणी आलं नाही.

काय झालं ते मला नंतर कळलं. वत्सला उंबऱ्यावर बसली होती. डोक्यावर पदर ओढून, दोन्ही बाजूंच्या चौकटीला गुडघा आणि पाठ टेकवून, आडवी. ती काही बोलली नाही. बोलायची सोयही नव्हती. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर आणि थोरल्या दिरासमोर तोंड उघडत नाही. पण तसंच, सासऱ्याने किंवा थोरल्या दिराने सुनेला हात लावायचा नसतो आणि ओलांडून तर मुळीच जायचं नसतं. डोली घेऊन आलेले गडीही सगळे भाऊबंदच, नात्याने तिचे कुणी सासरे, कुणी दीर. दारात एक बाईमाणूस बसलं होतं आणि एवढे धिप्पाड गडी तिथे अडले.

आबा म्हणाले, "तिला सांगा, वाट सोड. उंबऱ्यावर बसू नये."

वत्सला हलली नाही.

दादा म्हणाला, "आये, तू उठव तिला. तुझा हात चालतो."

खरंच होतं ते. सासूचा हात चालतो. आईने तिला दंडाला धरून उठवली असती तर वत्सलाला उठावंच लागलं असतं. आईच्या पाटल्यांचा बारीक आवाज जवळ आला. मी पट्टीखाली डोळे मिटले आणि मनात म्हणालो, गेलो.

मग कुणीतरी जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला. आई वत्सलाजवळ खाली बसली होती.

"देवीचा काय कोप नाय," ती म्हणाली. "म्या शेण लावाया दिला."

"काय?" दादा म्हणाला.

"पानावर. म्या कालवला, म्या ठेवला. डाक्तर बोलला ना, शेणातनं इख जातो. तोच इख हाय. वाघजाईला मधी घेऊ नका."

आबा म्हणाले, "गप गो. सगलीच लावतात शेण."

"गपच व्हते ना इतके दिस," आई म्हणाली. "डाक्तरनं इचारला तवा हिनं मला झाकला, आनी मी झाकून घेतला. तुमी देवीचा नाव काढलात तवा मला बरा वाटला. वाटला, चला, माझा नाय, देवीचा हाय. ह्याला घरी न्यायला म्या पन हो बोलले. आता नाय बोलत. डाक्तरचा खरा हाय. म्हनजे त्याचा औषध पन खरा हाय. पोराला हलवायचा नाय."

 एक गडी खोकला येऊ नये म्हणून बाहेर धावत गेला.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला आईची दया आली नाही. राग आला. एवढे दिवस हिला ठाऊक होतं आणि ही गप्प बसली. ह्या लोकांनी मला उचलून ढोलापुढे नेऊन टाकलं असतं, तरी ही गप्प बसली असती. दातओठ खायला मला वेगळं काही करायला नको होतं, ते आधीच खाल्लेले होते. डोळ्यांतून पाणी येऊन पट्टीखालून कानाकडे जात होतं. दया आली ती पुष्कळ नंतर.

 शेवटी आबा म्हणाले, "डोली न्या परत." गडी आले तसे पाय न वाजवता गेले.

तोंड उघडलं तेव्हा

त्यानंतर मी लगेच बरा झालो असं नाही. आणखी वाईट दिवस आले. एकदा श्वास इतका वेळ अडला की सिस्टरने वत्सलाला हाताला धरून बाहेर नेलं. पण हळूहळू झटक्यांमधलं अंतर वाढत गेलं. एके सकाळी बाहेर कुणाच्या हातून बादली पडली आणि मी नुसता दचकलो, निरोगी माणूस दचकतो तसा. वत्सला दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिथेच बसून रडली. मला हसायचं होतं, पण माझा चेहरा तेव्हा आधीच हसरा होता, त्यामुळे तिला फरक कळला नाही.

दातांमध्ये पहिल्यांदा चमच्याची कड गेली, मग चमचा, मग बोट. नळी काढली. तांदळाची पेज तोंडाने प्यालो आणि निम्मी छातीवर सांडली. चालायला लागलो तो काठी घेऊन, तान्ह्या पोरासारखा. बायकोवर चिडचिड करायला मात्र फार वेळ लागला नाही. आजारातून उठलेल्या माणसाची ही रीत मला बरी वाटत नाही, पण ती असते. उशाशी बसणाऱ्यांनी ती मनावर घेऊ नये.

आबांनी वरंध्याच्या घाटात जाऊन वाघजाईला नारळ दिला. मला म्हणाले, "तिचा काय नाय त्यात, पन राहिलेला हाय तो देऊन टाकलेला बरा." 

अंगात जरा ताकद आल्यावर चैत्रात मला वाडीला नेलं. आईने तोवर ती गोष्ट पुन्हा काढली नव्हती. मला वाटत होतं, तिला वाटतंय की मी तेव्हा बेशुद्ध होतो. आणि मी ठरवलं होतं की तसंच वाटू द्यायचं. एक दिवस सगळे शेतावर गेले होते. मी चुलीजवळ पाटावर बसलो होतो आणि ती भाकऱ्या थापत होती. आजारानंतरची ती माझी पहिली भाकरी, तोवर नुसता भात आणि पेज चालली होती.

ती तव्याकडे बघतच म्हणाली, "दवाखान्यात तुला समदा ऐकू येत व्हता का रे?"

"नाय गो," मी म्हणालो. "औषधाची गुंगी असायची. काय कळत नव्हता."

तिने भाकरी उलटली. "मग डोली आली त्या दिशी तुझ्या डोळ्यातनं पानी कशाचा येत व्हता?"

मी वर पाहिलं. "तुला कसा ठाऊक?"

"मीच पुसला ना. तुला वाटला असंल वत्सला."

खरंच, मला ती वत्सला वाटली होती. श्वासही तसाच सोडला होता, कानाजवळ, आधी.

आईने निखारे पुढे ओढले. "राग आला व्हता तुला," ती म्हणाली.

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "आला व्हता."

"अजून हाय?"

मी विचार करून म्हणालो, "हाय. कधी कधी येतो."

"असू दे," ती म्हणाली. "राग कराया ऱ्हायलास ना."

आणि तिने निखाऱ्यावर फुगलेली भाकरी उचलून माझ्या ताटात टाकली.